फी माफ, मग मेसचं काय?

१९२४ साली मँचेस्टरमध्ये रोटेरियन मंडळींच्या घरातल्या बायकांनी सुरू केलेल्या इनर व्हीलचा आमच्या गावातला क्लब दरवर्षी गरजू मुलींना शिष्यवृत्ती देतो. आता २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारच भरतं. मग मैत्रिणींनो, मुली अडतात कुठे? मेसच्या बिलावर, खोलीच्या भाड्यावर, उत्पन्नाच्या दाखल्यावर! तेवढ्यात घरून निरोप येतो, ‘बास झालं शिक्षण, स्थळ आलंय.’ म्हणून यंदा आम्ही ठरवलंय, शिष्यवृत्ती मेस आणि भाड्यासाठी द्यायची. शिवाय प्रत्येकीने एका मुलीबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, दाखला हातात पडेपर्यंत. लेकीच्या पाठीशी कुणीतरी आहे, हे तिच्या बाबांना त्या रांगेतच कळतं.