सिमेंटला काथ्याची साथ

सिमेंट दाब उत्तम सोसते, ताण मात्र नाही. म्हणून गिलाव्याला तडे जातात. नारळाच्या सोडणातला काथ्या किंवा घायपाताचे तंतू बारीक कापून मिसळले, तर ते तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात आणि तो रुंदावत नाही. पण ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो. वर्षानुवर्षे त्या अल्कलीत राहून तंतू ठिसूळ होतात. शिवाय त्यांतली शर्करा सिमेंट घट्ट व्हायला उशीर लावते. म्हणून तंतू आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ भिजवून स्वच्छ धुतात. मेण आणि शर्करा निघते, पृष्ठभाग खरबरीत होऊन पकड वाढते. थोड्या सिमेंटऐवजी फ्लाय ॲश वापरली, तर अल्कलीही घटते. असे तंतू गिलावा, पत्रे, हलक्या विटा यांना उपयोगी. तुळया-खांबांत मात्र सळईच हवी.