फलक बदलला, धोका तोच : यात्रेची बस आणि परवान्याचा कायदा

सप्टेंबरमधील वेलंकणी मातेचा सण किंवा डिसेंबरमधील जुन्या गोव्याचे फेस्त जवळ आले की धर्मग्रामांतून यात्रेच्या बसगाड्या ठरू लागतात. भाडे किती, आसने किती, वातानुकूलन आहे की नाही, याची चौकशी आपण आवर्जून करतो. बसमालकाकडे वैध परवाना आहे का, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. तो का विचारावा, हे अमेरिकेतील मरियाभक्तांच्या एका यात्रेवरून ध्यानी येते.

शेरमन येथील अपघात

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील कार्थेज या गावी १९७८ पासून दरवर्षी ऑगस्टमध्ये व्हिएतनामी कॅथलिकांचा मोठा मरिया महोत्सव भरतो. २००८ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथून ५५ भाविक भाड्याच्या बसने तिकडे निघाले. ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर शेरमन शहराजवळ बसच्या पुढच्या उजव्या चाकाचा टायर निकामी झाला. बस पुलाचा कठडा तोडून खाली कोसळली आणि १७ भाविक मृत्युमुखी पडले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे आढळले की, टायरला छिद्र पडलेले असून तो बराच काळ कमी हवेवर धावला होता. शिवाय तो रिमोल्ड केलेला होता. बसच्या पुढच्या चाकांना असे टायर लावण्यास अमेरिकेत बंदी आहे. मंडळाने अपघाताचे खापर रिमोल्डवर फोडले नाही. परंतु काही दिवसांपूर्वीच झालेल्या वार्षिक तपासणीत तो नियमभंग कोणाच्याही नजरेस आला नव्हता, ही बाब गंभीर होती. प्रवाशांच्या आसनांना सीट बेल्टही नव्हते, कारण तेव्हा कायद्याने ते सक्तीचे नव्हते.

बंद झालेली कंपनी पुन्हा रस्त्यावर

याहूनही धक्कादायक माहिती पुढे आली. बसमालकाच्या आधीच्या कंपनीवर सुरक्षा नियमांच्या उल्लंघनाबद्दल जून २००८ मध्ये वाहतूकबंदी घालण्यात आली होती. त्यानंतर त्याने नव्या नावाने परवान्यासाठी अर्ज केला. तो मंजूर होण्यापूर्वीच बस यात्रेकरूंना घेऊन निघाली.

हे शक्य कसे झाले? अमेरिकेत आंतरराज्य प्रवासी वाहतूक करणाऱ्या प्रत्येक कंपनीस संघीय प्रशासनाकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. सुरक्षेतील दोष, दंड, बंदी, सारे त्या क्रमांकाच्या खात्यावर जमा होते. नवे नाव घेतले की नवा क्रमांक आणि कोरे खाते. मालक तोच, गाड्या त्याच, चालकही तेच. परंतु कागदोपत्री मात्र कंपनी निष्कलंक. कायदा होता, बंदीचा आदेशही होता. तो आदेश नावावर बजावला गेला, माणसावर नव्हे.

सुधारणा कशा झाल्या

ऑगस्ट २००८ पासूनच प्रवासी वाहतुकीच्या नव्या अर्जदारांची पूर्वपीठिका तपासण्याची पद्धत सुरू झाली. मालक, पत्ता, दूरध्वनी, गाड्या यांचा बंद पडलेल्या कंपन्यांशी मेळ बसतो का, हे पाहिले जाऊ लागले. २०१२ च्या कायद्याने नव्या प्रवासी कंपनीची सुरक्षा तपासणी १२० दिवसांत करण्याचे बंधन घातले आणि विनापरवाना प्रवासी वाहतुकीचा दंड वाढविला. सीट बेल्टचा नियम २०१३ साली झाला आणि नोव्हेंबर २०१६ पासून नव्या मोठ्या बसगाड्यांना तो लागू झाला.

तरीही अंमलबजावणीतील ढिलाई जीव घेऊ शकते. ३१ मे २०११ रोजी व्हर्जिनियात एक बस उलटून चार प्रवासी ठार झाले. ती कंपनी असमाधानकारक ठरली होती आणि तिची सेवा बंद होण्याच्या बेतात होती. परंतु तिला दहा दिवसांची मुदतवाढ मिळाली होती. त्या मुदतीतच हा अपघात घडला.

आपण काय पाहावे

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ते दुःख अजून ताजे आहे. परवाने देणे व तपासणी करणे हे शासनाचे काम आहे. पण बस निवडतो आपण. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. बसचा क्रमांक आधी मागून घ्यावा. 'एम परिवहन' या सरकारी ॲपवर तो टाकल्यास योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि परवाना यांच्या मुदती दिसतात. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीची योग्यता तपासणी दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी व्हावी लागते.

२. परवाना कंत्राटी किंवा पर्यटक वाहतुकीचा असावा. यात्रा परराज्यात जाणार असल्यास तो तेथेही चालतो का, हे पाहावे.

३. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने, जो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे काम ठरविले होते. वेलंकणीच्या दूरच्या प्रवासास एकच चालक देणारा मालक स्वस्त पडतो, तो याच कारणाने. दोन चालकांची अट लेखी घालावी.

४. संकटकालीन दार उघडते का, ते निघण्यापूर्वी प्रत्यक्ष उघडून पाहावे. पुढचे टायरही पाहून घ्यावेत.

५. ठरलेली बस ऐनवेळी बदलून आली, तर नव्या क्रमांकाची पुन्हा पडताळणी करावी. खात्री पटत नसेल तर एसटी महामंडळाची प्रासंगिक कराराची बस हाही पर्याय आहे.

या तपासणीस अर्धा तासही लागत नाही. यात्रेस निघालेली वृद्ध माणसे आणि मुले आयोजकांवर विश्वास ठेवून बसमध्ये चढतात; परवाना विचारणे त्यांच्या हाती नसते. म्हणून धर्मग्रामाच्या यात्रा समितीने बसचा क्रमांक आणि परवान्याची मुदत यात्रेच्या सूचनेतच छापावी, अशी आमची विनंती आहे. प्रवाशांची प्रार्थना चालकाच्या अपुऱ्या झोपेची जागा घेऊ शकत नाही. ती काळजी आयोजकांनी निघण्यापूर्वीच घ्यावयाची आहे.