रोमन नाणे घेताना आधी त्याची वंशावळ पाहावी

प्राचीन नाण्यांचा संग्रह हा एके काळी संस्थानिक, सराफ आणि इतिहास संशोधक यांच्यापुरता मर्यादित छंद होता. इंटरनेटवरील लिलावांनी ही मर्यादा पुसून टाकली आहे. पनवेलमधील एखादा शिक्षक किंवा व्यापारी आज घरबसल्या लंडन अथवा म्युनिक येथील लिलावात बोली लावू शकतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन नाणे कुरिअरने त्याच्या हाती पडू शकते. ही सोय जितकी मोहक, तितकीच जोखमीची आहे. पैसे बुडण्याचा धोका तर आहेच. पण नकळत चोरीचा ऐवज पदरात घेण्याचा आणि इतिहासाचा एक पुरावा कायमचा पुसण्यास हातभार लावण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

कोकण आणि रोम

पनवेलच्या संग्राहकाला रोमन नाण्याचे आकर्षण वाटावे, याला भूगोलाचाही आधार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि चौल या दोन्ही बंदरांचा उल्लेख येतो. पनवेल या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वसलेले आहे. कल्याणला येणारी ग्रीक जहाजे त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही हा ग्रंथ सांगतो. रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचला स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा देऊन जात, अशीही नोंद त्यात आहे. गुप्तकालीन लेखांत सुवर्णनाण्यासाठी येणारा ‘दीनार’ हा शब्द ‘देनारियस’ या रोमन नाण्याच्या नावावरूनच आलेला आहे.

असे असूनही भारतातील रोमन नाण्यांचे मोठे साठे प्रामुख्याने दक्षिणेत, कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात सापडले. तेलंगणातील अक्कनपल्ले येथील एकाच साठ्यात १५३१ चांदीची नाणी होती. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझमूर्ती मिळाली, तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या. नाण्यांचे साठे मात्र विरळच. पश्चिम भारतातील क्षत्रप राजांनी आलेली रोमन चांदी वितळवून आपली नाणी पाडली असावीत, असा तर्क काही अभ्यासक मांडतात.

दुर्मीळ कशाला म्हणावे?

‘रोमन म्हणजे दुर्मीळ’ हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज होय. रोमन साम्राज्याच्या टांकसाळी शतकानुशतके अखंड चालू होत्या. चौथ्या शतकातील, कॉन्स्टन्टाईन आणि त्याच्या वारसांच्या काळातील ताम्रनाणी आजही विपुल मिळतात आणि साधी नाणी काही डॉलरांपासून विकली जातात. भारतात सर्वाधिक सापडणारे ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या चांदीच्या नाण्यांचे दोन प्रकारही जगाच्या बाजारात सर्रास दिसतात. दुर्मीळता ठरते ती राजा, टांकसाळ, छापाचा प्रकार आणि नाण्याची अवस्था यांवरून. केवळ वयावरून नव्हे. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही ग्रंथमाला यासाठी प्रमाण मानली जाते आणि तिच्यावर आधारलेली सूची अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर विनामूल्य खुली केली आहे. विक्रेत्याने ‘अतिदुर्मीळ’ म्हटलेले नाणे या सूचीशी ताडून पाहिले, की अनेकदा त्यातली हवा निघून जाते.

बोलीचे गणित

लिलावात हातोडा पडतो तो आकडा म्हणजे अंतिम किंमत नव्हे. त्यावर लिलावगृहाची दलाली, विमा, टपालखर्च, चलनबदलाचा खर्च आणि भारतात आल्यावर सीमाशुल्क चढते. दलालीच वीस टक्क्यांच्या घरात असू शकते. तेव्हा आपली कमाल मर्यादा हे सारे धरून आधीच ठरवावी आणि अखेरच्या मिनिटांतील चढाओढीत ती ओलांडू नये.

खऱ्याखोट्याची पारख छायाचित्रावरून करणे तज्ज्ञालाही अवघड जाते. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची शिवण दिसते, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत वा बारीक छिद्रांचा असतो, वजन जुळत नाही. आधुनिक छापाने ठोकलेल्या नकला मात्र याहून फसव्या असतात. म्हणून खरेतर नाण्याआधी विक्रेत्याची पारख करावी. अस्सलपणाची लेखी हमी न देणाऱ्याकडे स्वस्तातले नाणेही महागच पडते.

विक्रमी नाण्याचा धडा

या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ब्रुटसचे सुवर्णनाणे. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रुटसने इसवी सनपूर्व ४२ च्या सुमारास पाडलेल्या या नाण्यावर दोन खंजीर, स्वातंत्र्याची टोपी आणि हत्येचा दिवस अंकित आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात त्यावर २७ लाख पौंडांवर हातोडा पडला. दलालीसह किंमत ३२ लाख ४० हजार पौंड झाली. मात्र त्याच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले. लिलावगृहाच्या प्रमुखाला २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे अटक झाली आणि त्याने गुन्ह्याची कबुली दिली. नाणे त्याच वर्षी ग्रीसला परत करण्यात आले. नाणे अस्सल होते, खोटी होती ती त्याची वंशावळ.

उगमाची नोंद केवळ कायद्यासाठी हवी असते असे नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवरील सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव होता. तो का घातला असावा, यावर आजही चर्चा होते. ती शक्य झाली, कारण साठा एकत्र नोंदला गेला. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येक घाव केवळ किंमत उतरवणारा दोष ठरला असता.

कायदा काय सांगतो?

भारतात १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नाणे कोणत्या देशाचे, हा भेद या व्याख्येत नाही. म्हणजे परदेशातून आणलेले अस्सल नाणे पुढे परदेशी लिलावात विकून पैसे मोकळे करू, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

पनवेल परिसरात रस्ते, वसाहती आणि विमानतळ यांसाठी वर्षानुवर्षे जमीन खणली जात आहे. येथील मातीत एखादे जुने नाणे निघाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. खबर देणाऱ्याचा हक्कही हा कायदा मान्य करतो. लपवणाऱ्याला मात्र वाटाही गमवावा लागतो आणि शिक्षाही होऊ शकते.

बोली लावण्यापूर्वी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा नाशिकजवळील अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था अशा ठिकाणी अस्सल नाणी पाहण्याची डोळ्यांना सवय करावी. त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक नाण्याचे वजन, प्रकार, विक्रेता, लिलावाची तारीख, पूर्वीचे मालक आणि पावती यांची नोंद वहीत ठेवावी. ही वही नाण्यासोबत पुढच्या पिढीकडे गेली, तर तो संग्रह ठरेल. न गेल्यास उरेल तो केवळ जुना धातू.