वनौषधी वेचणारे हात आणि पांडुरोग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी सांगून ठेवले आहे की, औषधींची नावे व रूपे गुराखी, शेळ्यामेंढ्या राखणारे आणि वनवासी जाणतात. त्यांची योजना मात्र वैद्याने जाणावयाची असते. या पहिल्या वाटेकऱ्याचा आपणांस बहुधा विसर पडतो. पिंप्राळ्याच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील पावरा, भिल्ल व तडवी भगिनी तेथे मोहफुले व औषधी फळे वेचतात. आपल्या बरण्या भरतात त्या अशाच हातांच्या श्रमांवर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क त्यांना दिला. २०१८ पासून वनधन योजनेत सुमारे २० जणांचा एक गट व असे १५ गट मिळून एक केंद्र उभे राहते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे कातकरी समाजाच्या अशाच केंद्राला २०२१ मध्ये ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. माल गावातच वाळवून, निवडून विकला की मूल्यवृद्धीचा लाभ गावातच राहतो, हे त्यामागील मर्म होय.

परंतु केवळ उत्पन्न वाढले म्हणजे आरोग्य लाभले असे नव्हे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५४ स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. आदिवासी भगिनींत या पांडुतेमागे सिकलसेल हा आनुवंशिक विकारही असू शकतो. त्यातील संधिशूल आमवातासारखा आणि डोळ्यांचा पिवळेपणा कामलेसारखा भासतो. येथे रक्तकण अकाली फुटतात. लोहाची कमतरता असेलच असे नाही. म्हणून तपासणीपूर्वी नवायस लोह वा मंडूरकल्प दीर्घकाळ देणे उचित नव्हे. शरीरातील जलांश घटल्यास वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. यास्तव अशा रुग्णेस लंघन, तीव्र स्वेदन वा विरेचन देण्याचे टाळावे. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करावी व ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चिती करून घ्यावी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे शासकीय आरोग्य केंद्रांशी समन्वय साधणे सुकर झाले आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंनी शक्य तेथे महिला गटांकडूनच खरेदी करावी, प्रतीनुसार दर द्यावा व रक्कम जागेवरच चुकती करावी. वैद्यांनी वेचणीच्या हंगामापूर्वी गटाच्या बैठकीस जाऊन रक्ततपासणीचा आग्रह धरावा. जिच्या हातची वनस्पती आपण इतरांच्या पांडुरोगावर योजतो, ती स्वतः त्याच व्याधीने अंगणात बसून राहावी, हे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही.