आमदारांचे पत्र आणि बंद खिडकी

आमदाराचे काम कोणते, या प्रश्नाची आपल्या देशात दोन उत्तरे आहेत. पहिले राज्यघटनेत सापडते: कायदे करणे, अंदाजपत्रकाची छाननी करणे, मंत्रिमंडळाला जाब विचारणे. दुसरे उत्तर आमदाराच्या दारासमोर सकाळपासून लागलेल्या रांगेत सापडते. कुणाचे विधवा निवृत्तिवेतन थांबलेले असते, कुणाचे नाव शिधापत्रिकेतून गळालेले असते, कुठे गावचे रोहित्र जळालेले असते, तर कुठे पोलिसांनी तक्रारच नोंदवून घेतलेली नसते. पहिले उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राहते. निवडणुका दुसऱ्या उत्तरावर लढवल्या जातात.

उत्तर भारतातील एका राज्यात जिल्हा प्रशासनात असताना माझ्या टेबलावर रोज आमदारांची पत्रे येत. त्यांची धाटणी ठरलेली असे. अर्जदार माझ्या मतदारसंघातील रहिवासी आहे, त्याची अडचण खरी आहे, तरी नियमानुसार कार्यवाही व्हावी. ‘नियमानुसार’ हा शब्द मला नेहमीच बोलका वाटत आला. बदल्यांची आणि ठेक्यांची पत्रे सोडली, तर बहुतेक पत्रांत नियमाबाहेरचे काहीच मागितलेले नसे. जे कायद्याने आधीच देय होते, तेच मिळावे म्हणून नागरिकाला लोकप्रतिनिधीची सही आणावी लागत होती.

अमेरिकी अभ्यासक जेनिफर बसेल यांनी ‘क्लायंट्स अँड कॉन्स्टिट्युअंट्स’ या २०१९ च्या ग्रंथात भारतीय लोकप्रतिनिधींच्या याच कामाचा अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष रूढ समजाला धक्का देणारा आहे. आमदार-खासदार वैयक्तिक अर्जदाराला मदत करताना त्याने मत कुणाला दिले, हे सहसा पाहत नाहीत. गावपातळीवर पक्ष किंवा गट पाहून ज्यांना नाकारले जाते, ते वरच्या दारी येतात आणि तिथे त्यांचे काम होते. म्हणून या रांगेला केवळ मतांचा बाजार म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याला दुसरे दार नाही, त्याच्यासाठी ते दार मोलाचे आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जहांगीर बादशहाची सोन्याची साखळी आठवते. आग्ऱ्याच्या किल्ल्यापासून यमुनातीरापर्यंत लावलेल्या त्या साखळीला साठ घंटा होत्या, असे तो आपल्या आत्मवृत्तात सांगतो. न्यायदानावर नेमलेले लोक दिरंगाई किंवा लबाडी करतील, तर पीडिताने ती ओढावी, असा तिचा हेतू होता. आपण त्या कथेत बादशहाची न्यायप्रियता वाचतो. खालची कचेरी चालत नाही, याची कबुलीही तिच्यातच आहे, हे मात्र आपल्या नजरेतून निसटते.

साखळी ओढून व्यवस्था चालवायची, तर किती जणांनी ती ओढावी? २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशाची लोकसंख्या १९.९८ कोटी आणि विधानसभेचे सदस्य ४०३. म्हणजे एका आमदारामागे सुमारे पाच लाख माणसे. अरुणाचल प्रदेशात हेच प्रमाण सुमारे २३ हजारांचे आहे. पाच लाखांच्या मतदारसंघात आमदार कितीही तळमळीचा असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचतो तो ज्याला एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडते, तालुक्याच्या गावी जाणे जमते, किंवा ज्याची कार्यकर्त्याशी ओळख असते. शिवाय पत्रासह आलेली फाइल वर जाते, तेव्हा कुणाची तरी फाइल खाली सरकते. पत्राविना आलेला कागद थांबू शकतो, हा धडा लिपिकही त्यातूनच शिकतो.

या गोंधळाला राज्यकर्त्यांनीही हातभार लावला. १९९३ च्या एप्रिलमध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला. गावचा रस्ता कोणी करायचा, या प्रश्नाला एकाच वर्षात दोन परस्परविरोधी उत्तरे दिली गेली. आमदार निधी राज्याराज्यांत रुजला. २००७ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हे दोन्ही निधी बंद करण्याची शिफारस केली. खर्चावर देखरेख ठेवणाऱ्यानेच खर्च करू नये, हे त्यामागचे सूत्र होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधी वैध ठरवला. पण वैध असणे आणि योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाटही त्याच काळात निघाली. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला, त्यामागून बिहार, कर्नाटक आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रही आला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. तत्त्व अचूक आहे: जे देय आहे, त्यासाठी सहीची गरज नको. तरीही रांगा ओसरलेल्या नाहीत, कारण अपील करण्यापेक्षा आमदाराचे पत्र आणणे लोकांना अजून सोपे वाटते.

आता आमदार आपल्या मतदारांना काय कळवतात, ते पाहू. वर्षअखेरीचे गुळगुळीत कार्यअहवाल उघडले की सभागृहे, पथदिवे, रुग्णवाहिका आणि सत्कार दिसतात. सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, हे क्वचितच आढळते. घटना पुनरावलोकन आयोगाने २००२ मध्ये मोठ्या विधानसभा वर्षाला किमान ९० दिवस भराव्यात, असे सुचवले होते. अलीकडच्या वर्षांत राज्यांची सरासरी वीस-पंचवीस दिवसांच्या आसपास घुटमळते आहे. जिथे सभागृहच भरत नाही, तिथे तेथील वार्ता देणार कोण?

माझी सूचना साधी आहे. आमदारांनी दार बंद करू नये. दाराशी एक नोंदवही ठेवावी. अर्जदाराचे नाव गुप्त ठेवून खाते, तालुका, तक्रारीचा प्रकार आणि उत्तराला लागलेले दिवस लिहावेत. एकाच तालुक्यातून निवृत्तिवेतनाच्या दोनशे सारख्याच तक्रारी आल्या, तर तो दोनशे जणांच्या नशिबाचा दोष नसतो. कुठला तरी नियम, संगणक प्रणाली किंवा रिक्त पद त्यामागे असते. त्यावर दोनशे पत्रे लिहिण्याऐवजी एक तारांकित प्रश्न विचारावा, आणि मंत्र्याचे उत्तर कार्यअहवालाच्या पहिल्या पानावर छापावे. असे झाले, तर जी कधीच रांगेत उभी राहू शकली नाही, त्या दोनशेएकाव्या विधवेचेही निवृत्तिवेतन सुरू होईल.