आजारपणाची रजा की संप?

एअर इंडिया आणि वैमानिक संघटना, २०१२

● मूळ : २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे विलीनीकरण. कंपनी एक झाली, वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची ‘इंडियन पायलट्स गिल्ड’, तर इंडियन एअरलाइन्सवाल्यांची ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’.

● ठिणगी : नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचे प्रशिक्षण. ते दोन्ही गटांना देण्यास गिल्डचा विरोध होता. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण म्हणजे पुढची बढती. खरा तंटा ज्येष्ठतेचा.

● घटनाक्रम : मे २०१२च्या पहिल्या आठवड्याअखेर वैमानिकांनी एकापाठोपाठ एक आजारी असल्याचे कळवले. ९ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा बेकायदा संप असल्याचे सांगून मनाई केली. गिल्डची मान्यता काढली गेली, शंभरहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले. ५८ दिवसांनी, ३ जुलैला, वैमानिकांनी न्यायालयात कामावर परतण्याची हमी दिल्यावर संप मिटला.

● कायदा : तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयुक्तता सेवा होती. १४ दिवसांची नोटीस सक्तीची होती. समेटाची बोलणी चालू असताना संपाला मनाई होती.

● अडचणीचा मुद्दा : प्रकृती ठीक नसताना विमान चालवण्यास वैमानिकाला नियमांनीच बंदी आहे. त्यामुळे एकट्याची रजा आणि ठरवून घेतलेली सामूहिक रजा यांत फरक करणे कठीण. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हाही संपच.