गच्चीवरील ऊन आणि वाहनतळातील वीज

विजेवर चालणारी मोटार विकत घेणे हा एका कुटुंबाचा निर्णय असतो. बहुमजली इमारतीत ती चार्ज करणे हा मात्र साऱ्या गृहनिर्माण संस्थेचा प्रश्न होतो. वाहनतळ सामायिक, मुख्य वीजवाहिनी सामायिक आणि सौरसंच बसवायची गच्चीही सामायिकच. म्हणून या तिन्हींचा विचार एकत्रितपणे करणे हिताचे ठरते.

भाराचा हिशेब

एखाद्या संस्थेत वीस विद्युत मोटारी आहेत असे समजू. घरगुती चार्जर साधारणतः ३.३ किलोवॉटचा असतो. सायंकाळी घरी परतताच सर्वांनी तो सुरू केल्यास एकदम ६६ किलोवॉट भार पडतो, आणि तोही घरोघरी दिवे व वातानुकूलन यंत्रे चालू असताना. अशा वेळी संस्थेचा मंजूर भार ओलांडला जाण्याची व तारा तापण्याची भीती असते. वस्तुतः दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस सुमारे ६ युनिट वीज, म्हणजे दोन तासांचे चार्जिंग पुरते. रात्री पाच-पाच मोटारींच्या चार पाळ्या लावल्या, तर आठ तासांत सर्वांचे काम होते आणि भार १६.५ किलोवॉटवरच राहतो. ही पाळी भार-नियंत्रक यंत्रणा आपोआप सांभाळू शकते.

सौरऊर्जेची जोड

या मोटारींना रोज १२० युनिट वीज लागेल. एक किलोवॉटच्या सौरसंचास सुमारे १० चौरस मीटर सावलीरहित जागा लागते व त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. अर्थात ३० किलोवॉटचा संच आणि ३०० चौरस मीटर गच्ची पुरेशी होते. वीज दिवसा निर्माण होते आणि मोटारी रात्री चार्ज होतात, ही अडचण नेट मीटरिंगने दूर होते: दिवसाची शिल्लक वीज वितरण कंपनीकडे जाते व तिची वजावट देयकात मिळते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. ही वजावट सामान्यतः ज्या मीटरला संच जोडला आहे, त्यालाच मिळते. संच सामायिक मीटरवर आणि चार्जर सदनिकांच्या मीटरवर असतील, तर मोटारींना त्याचा लाभ होत नाही. दिल्लीत २०१९ पासून आभासी नेट मीटरिंगद्वारे एका संचाची वीज अनेक ग्राहकांच्या देयकांत वाटून घेता येते. नियम राज्यानुसार भिन्न असल्याने वितरण कंपनीकडे आधी चौकशी करावी.

खर्च आणि न्याय्य वाटणी

२०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजने’त गृहनिर्माण संस्थांना वाहन-चार्जिंगसह सामायिक सोयींसाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे, मर्यादा प्रतिघर ३ किलोवॉट व एकूण ५०० किलोवॉट. या दराने आपल्या उदाहरणातील संचास ५ लाख ४० हजार रुपये होतात. त्याच वर्षीच्या नियम-दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणीही मागता येते.

मोटार नसलेल्या सभासदावर इतरांच्या विजेचा भार पडू नये, यासाठी प्रत्येक चार्जिंग-जागेस उपमीटर असावा. गच्चीवर मात्र सर्वांचा हक्क असल्याने बचतीत सर्वांनाच वाटा मिळावा.

कर्जासाठी शाखेत येण्यापूर्वी सर्वसाधारण सभेचा ठराव, गच्चीच्या मजबुतीचा दाखला आणि मंजूर भाराचा तपशील सिद्ध ठेवावा. सदनिकाधारकांनी स्वतंत्रपणे तारा ओढण्यापूर्वीच हा ठराव झाला, तर पुढील खर्च आणि शेजाऱ्यांमधील कटुता, दोन्ही टळतील.